शनवाऱ्यातल्या जुन्या फाइली आणि न सापडणारे बऱ्हाणपूर

प्रश्न: शनवाऱ्यात माझे पत्रिका छापण्याचे दुकान आहे. वडिलांनी ते खिळ्यांच्या छपाईवर सुरू केले, १९९८ पासून काम कॉम्प्युटरवर चालते. लग्नपत्रिका, वास्तुशांती, तेराव्याचे कार्ड, सगळे हिंदीत आणि मराठीत करतो. एवढ्या वर्षांच्या पेजमेकरच्या फाइली एका जुन्या एक्सपीच्या मशीनवर आहेत. मुलाने आता विंडोज ११ चे नवे मशीन आणले. जुन्या फाँटच्या सॉफ्टवेअरचे डोंगल त्यावर चालत नाही, आणि फाइलीतला मजकूर उचलून दुसरीकडे टाकला की इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा दिसतो. जुने चालू ठेवायला कंपन्यांना काय अडचण असते? माझा भाचा उलटेच सांगतो. त्याच्या मते कंपन्या जुने नको इतके जपतात, म्हणून कॉम्प्युटरमध्ये गुंता होतो. पुरावा म्हणून त्याने मला एका फोल्डरला ‘कॉन’ हे नाव इंग्रजीत देऊन दाखवले, तर मशीन ते नाव घेतच नाही. आमच्यात खरे कोणाचे? आणखी एक. ग्राहकांची यादी आम्ही आता युनिकोडमध्ये ठेवतो. तिच्यात ‘बऱ्हाणपूर’ शोधले तर निम्मेच पत्ते सापडतात. असे का?
— एक वाचक, शनवारा, बऱ्हाणपूर

उत्तर: तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीची उत्तरे त्याच्या पोटात आहेत.

‘बऱ्हाणपूर’ हा शब्द कॉम्प्युटरमध्ये दोन वेगळ्या तऱ्हांनी साठवता येतो आणि पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. अडचण आहे ती ‘ऱ्हा’मधल्या अर्ध्या र ची. साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे ‘ह’ लिहिला की कॉम्प्युटर त्याचा रफार करून ‘ह’च्या डोक्यावर चढवतो. हिंदीचे तेवढ्यावर भागते. मराठीला मात्र रफार वेगळा आणि ही आडवी खूण वेगळी. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या डोंगरातल्या. तुमच्या धंद्यातले उदाहरण द्यायचे तर लग्नात आचार्यांना दक्षिणा द्यायची असते आणि आचाऱ्यांना मजुरी. तुमच्या गावाच्या नावात ही खूण आहेच, ‘शनवारा’ला प्रत्यय लावून ‘शनवाऱ्यात’ म्हटले की तिथेही ती येते, आणि वऱ्हाडी मंडळींशिवाय तर तुमचे दुकानच चालायचे नाही.

भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाची संकेतप्रणाली आपल्याकडे १९८८ मध्ये ठरली आणि १९९१ मध्ये सुधारून भारतीय मानक झाली. तिच्यात या अर्ध्या र साठी नुक्ता दिलेला ‘ऱ’ वापरायचा आणि त्याचा पाय मोडायचा, अशी सोय होती. मुळात हे अक्षर दक्षिणेकडच्या भाषांतला कठोर र देवनागरीत दाखवण्यासाठी आहे, पण त्याचे अर्धे रूप मराठीच्या कामाला आले. पुढे जगभरच्या लिप्यांसाठीच्या युनिकोड या संकेतप्रणालीने देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरूनच घेतली. मात्र १९९६ च्या युनिकोड २.० मध्ये याच खुणेसाठी वेगळा नियम आला: साधा र, मोडलेला पाय आणि त्यानंतर एक अदृश्य जोडखूण. नंतर युनिकोडने इस्कीचा ‘ऱ’ हाच मार्ग मुख्य धरला, पण मधल्या काळात दुसऱ्या नियमाने लिहिलेल्या मजकुराचे काय? तो मोडू नये म्हणून जुना नियमही कायम ठेवला. ‘जुन्या आवृत्तीशी सुसंगततेसाठी’ अशी नोंद युनिकोडच्या नियमावलीत आजही आहे.

म्हणजे तुमच्या यादीत काही पत्ते एका कळफलकावरून आले असणार, काही दुसऱ्या, कदाचित कोणाच्या मोबाइलवरून. एका ‘बऱ्हाणपूर’मध्ये नऊ संकेत आहेत, दुसऱ्यात दहा. माणसाला फरक दिसत नाही; संकेताला संकेत जुळवून पाहणाऱ्या शोधाला ती दोन वेगळी गावे वाटतात.

उपाय सोपा आहे. यादीची एक प्रत बाजूला ठेवा. मग ‘शोधा आणि बदला’ वापरून जोडखूण असलेले सगळे अर्धे र काढून त्या जागी ‘ऱ’ आणि मोडलेला पाय घाला. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून जे दाबले की ‘ऱ’ येतो. पुढे दुकानात सगळ्यांनी एकाच पद्धतीने लिहायचे, एवढे ठरवून टाका.

आता भाच्याकडे वळू. त्याचा पुरावा पक्का आहे, आणि त्यामागे कसलेही गूढ नाही, जरी आपल्याकडे सायबर कॅफेंच्या काळापासून या ‘कॉन’भोवती नाना कहाण्या फिरत आल्या. १९८१ मध्ये विंडोजच्या आधीची डॉस ही प्रणाली आली तेव्हा तिच्यात फोल्डर ही गोष्टच नव्हती. प्रिंटरला किंवा पडद्याला मजकूर पाठवायचा तर फाइलीच्या नावाच्या जागी त्या यंत्राचे राखीव नाव लिहायचे. पडदा आणि कळफलक यांचे मिळून नाव ‘कॉन’, प्रिंटरचे ‘पीआरएन’. ही पद्धतही डॉसने तिच्याआधीच्या सीपी/एम या प्रणालीवरून उचलली होती. १९८३ च्या डॉस २.० मध्ये फोल्डर आले. आता ‘कॉन’ कुठे आहे असे मानायचे? एकाच ठिकाणी मानले असते तर ते नाव वापरणारे आधीचे प्रोग्राम बंद पडले असते. म्हणून प्रत्येक फोल्डरमध्ये ‘कॉन’ आधीच आहे असे धरायचे ठरले. चाळीस वर्षे उलटली, प्रणाली मुळापासून नव्याने लिहून झाली, तरी ते नाव अडवलेलेच आहे. हार्ड डिस्कला ‘सी’ म्हणतात तेही तसेच: ‘ए’ आणि ‘बी’ फ्लॉपीच्या होत्या. एक्सेलमध्ये २९ फेब्रुवारी १९०० ही कधीच न उगवलेली तारीख भेटते, कारण आधीच्या लोटस १-२-३ ने १९०० हे लीप वर्ष धरले होते आणि लोटसच्या फाइली एक्सेलमध्ये बिनचूक उघडाव्यात म्हणून ती चूकही सोबत घेतली गेली.

विंडोज ९५ तयार होत असताना सिमसिटी या लोकप्रिय खेळात एक चूक निघाली. मेमरीतली जागा ‘आता नको’ म्हणून परत दिल्यावरही तो खेळ ती वाचत राही. आधीच्या प्रणालीवर हे खपून जात असे, कारण ती जागा लगेच दुसऱ्या कोणाला मिळत नव्हती. नव्या प्रणालीत खेळ कोसळू लागला. चूक खेळाची होती, तरी मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी प्रणालीतच तजवीज केली: सिमसिटी चालू आहे असे दिसले की परत आलेली जागा तेवढ्यापुरती लगेच वापरायची नाही. घरी कॉम्प्युटर घेतलेल्या माणसाला कोणाची चूक याच्याशी कर्तव्य नसते. काल चालणारा खेळ आज चालत नाही, तर तो नव्या विंडोजलाच नावे ठेवणार, आणि मला वाटते त्याचे बरोबरच आहे.

अॅपलने दुसरा रस्ता धरला. मॅकचा प्रोसेसर त्यांनी तीनदा बदलला: १९९४, २००६ आणि २०२० मध्ये. प्रत्येक वेळी जुने प्रोग्राम नव्या यंत्रावर चालवणारा एक दुभाषा दिला, आणि आधीचे दोन दुभाषे काही वर्षांनी काढूनही घेतले. २००६ चा रोझेटा २०११ मध्ये गेला. २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीत ३२ बिटी प्रोग्राम एका झटक्यात बंद झाले. त्यामुळे त्यांची प्रणाली सुटसुटीत राहते, नवे प्रोसेसर लवकर आणता येतात. पण दहा वर्षांपूर्वी विकत घेतलेला आणि व्यवस्थित चालणारा प्रोग्राम एका रात्रीत निकामी झाला तर त्याचा खर्च कंपनीच्या हिशेबात कुठेच दिसत नाही, तो दुकानदाराच्या वहीत दिसतो.

जुने सांभाळण्याचाही खर्च असतो, आणि तो पैशापुरता राहत नाही. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला आणि ब्रिटनमध्ये रुग्णालयांची कामे अडली. तो विंडोजमधल्या एसएमबी १ या फाइल वाटण्याच्या पद्धतीतल्या दोषातून शिरत होता. ती पद्धत १९८० च्या दशकातली. तिच्या नव्या, सुरक्षित आवृत्त्या कधीच्या आल्या होत्या, तरी जुनी यंत्रे आणि जुने प्रिंटर यांच्यासाठी ती चालू ठेवलेली होती. दोषावरची दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती, पण ती सगळ्यांनी बसवलेली नव्हती. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला होता, तरी या हल्ल्यानंतर मायक्रोसॉफ्टला तिच्यासाठीही दुरुस्ती द्यावी लागली. म्हणून कळकळीने सांगतो, तुमचे एक्सपीचे मशीन ठेवा, पण त्याला इंटरनेटची तार लावू नका.

डोंगल का चालत नाही, तेही जुने किती सांभाळायचे याच्याशी जोडलेले आहे. साधा ३२ बिटी प्रोग्राम चालवण्यासाठी ६४ बिटी विंडोजमध्ये वेगळा थर आहे, त्यामुळे वीस वर्षांपूर्वीचे पुष्कळ प्रोग्राम आजही चालतात. १६ बिटी प्रोग्रामना मात्र ६४ बिटी विंडोजमध्ये जागा नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटीच मिळते. डोंगलची, म्हणजे सॉफ्टवेअरच्या कुलपाच्या किल्लीची, गोष्ट आणखी आतली आहे. त्याला लागणारा ड्रायव्हर प्रणालीच्या थेट गाभ्यात बसतो, आणि तिथे ३२ बिटी ड्रायव्हरला प्रवेश नाही. बनवणाऱ्याने ६४ बिटी ड्रायव्हर काढला असेल तर डोंगल चालेल, नसेल तर नाही. म्हणजे कुलपाच्या आतला माल कदाचित अजून चालण्याजोगा असेल, पण किल्ली फिरत नाही. कुलूप बनवणाऱ्याने दुकान बंद केल्यावर ग्राहकाने काय करायचे, याचा विचार विक्रीच्या वेळीच व्हायला हवा होता.

लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांचा नियम मला यात सर्वांत शहाणपणाचा वाटतो. गाभा आतून हवा तसा बदला, जुने मोडा, नवे मांडा; पण बाहेर चालणारा वापरणाऱ्याचा प्रोग्राम त्यामुळे मोडला, तर चूक गाभ्याची धरायची.

आता तुमच्या फाइलींतला तो इंग्रजी चिवडा. ऐकायला कठीण वाटेल, पण तुमच्या या जुन्या फाइलींत देवनागरी अक्षरे कधी साठवलेलीच नव्हती.

विंडोजला युनिकोडमधली देवनागरी प्रथम विंडोज २००० मध्ये आली, मंगल फाँटसह. त्याआधी पेजमेकर काय आणि कोरलड्रॉ काय, देवनागरीचे नावही जाणत नव्हते. इस्की अस्तित्वात होती, आयआयटी कानपूरमध्ये सुरू होऊन पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले भारतीय लिप्यांसाठीचे जिस्ट हे तंत्रही होते, पण बाजारातल्या प्रोग्रामना त्यांचे सोयरसुतक नव्हते. तेव्हा फाँट बनवणाऱ्यांनी तोड काढली. रोमन अक्षरांच्या खणांत देवनागरीचे तुकडे बसवले. कृतिदेव या फाँटमध्ये ‘भारत’ लिहायचे तर कॅपिटल एच, मग दोन के, जे आणि आर. एच म्हणजे अर्धा भ, के म्हणजे काना. कॉम्प्युटरच्या लेखी ती पाच इंग्रजी अक्षरेच. वर कृतिदेवचा मुखवटा आहे तोवर ‘भारत’ दिसते, मुखवटा काढला की चिवडा.

या तोडीला मी नावे ठेवणार नाही. तिच्यामुळे बऱ्हाणपूर, रावेर, जळगावसारख्या गावांतली छापखान्यांची कामे तेव्हा कॉम्प्युटरवर आली; नाहीतर आणखी दहा वर्षे थांबावे लागले असते. सुसंगतता म्हणाल तर याहून पक्की कोणती? कॉम्प्युटरला काहीही बदलावे लागले नाही, सगळे बदलणे आपल्या अक्षरांनी केले. आणि नेमके तिथेच आपण फसलो. प्रत्येक कंपनीच्या फाँटचे खण वेगळे, त्यामुळे एकाची फाइल दुसऱ्याला वाचता येईना. मजकूर फाँटला बांधला गेला, फाँट डोंगलला आणि डोंगल मशीनला.

अक्षरांची किंमत आपण आणखी एका ठिकाणी मोजतो. सप्टेंबर १९९२ मध्ये केन थॉम्पसन यांनी रॉब पाइक यांच्यासोबत न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत बसून, ताटाखालच्या कागदावर, युनिकोड साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीची मांडणी केली. आज इंटरनेटवरचा बहुतेक मजकूर याच पद्धतीने साठवला जातो. तिचे यश यात की जुन्या इंग्रजी फाइली एक बाइटही न बदलता तिच्यात बसतात. त्यासाठी इंग्रजी अक्षराला एक बाइट राहिला आणि देवनागरीच्या प्रत्येक संकेताला तीन लागले. रोमन लिपीत ‘बुरहानपुर’ लिहिले तर नऊ अक्षरे, नऊ बाइट. आपल्या ‘बऱ्हाणपूर’ला सत्तावीस, आणि जोडखूण घातलेल्याला तीस. तरीही हा सौदा मला मान्य आहे. डिस्कवरची जागा स्वस्त होत गेली, आणि बदल्यात मराठी मजकूर कुठल्याही मशीनवर मराठीच राहू लागला.

कारण युनिकोडने दिलेला शब्द तसा आहे. १९९६ च्या त्याच दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी कोरियन अक्षरांचा मोठा संच एका जागेवरून उचलून दुसरीकडे नेला आणि आधी लिहिलेला कोरियन मजकूर वाचेनासा झाला. त्यानंतर नियम ठरला की एकदा दिलेल्या संकेताची जागा कधी बदलायची नाही आणि तो काढायचाही नाही. चुकीची नावेसुद्धा तशीच राहू दिली आहेत. त्यापायी मांडणी ओबडधोबड झाली, तुमच्या गावाचे नाव दोन तऱ्हांनी लिहिले जाऊ लागले. पण तुमच्या नातवाला आजची ग्राहकयादी उघडता येईल ती याच नियमामुळे.

तेव्हा तुमच्या आणि भाच्याच्या वादात मी असा कौल देतो. प्रोग्राम जुने झाले की जाऊ द्यावेत. भाच्याचे तेवढे बरोबर. माणसाने लिहिलेला मजकूर मात्र कोणत्याही नव्या मांडणीच्या सोयीसाठी मोडता कामा नये, आणि तुमची तक्रार मुळात त्याबद्दल आहे. पेजमेकरची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ मध्ये आली. तिच्या फाइली इनडिझाइन या तिच्या जागी आलेल्या प्रोग्रामच्या सीएस ६ पर्यंतच्या आवृत्त्या उघडत. पुढच्यांनी ते दार बंद केले. जुन्या टाइप १ प्रकारच्या फाँटचा आधारही अॅडोबीने जानेवारी २०२३ मध्ये काढला. कंपनीने जुना प्रोग्राम विकू नये, सांभाळू नये, हरकत नाही. पण त्याच्या फाइली वाचण्याची वाट का बंद करायची? एका गावाच्या पंचवीस वर्षांच्या लग्नपत्रिका म्हणजे कोणत्या घराण्याची सोयरीक कुठल्या गावाशी झाली, कोणाचे आडनाव कसे लिहिले जाई, मराठी घरातल्या पत्रिकेत हिंदी कधी शिरली, याचे दस्तऐवज आहेत. कोणत्याही सरकारी कचेरीत ते मिळायचे नाहीत.

म्हणून आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगतो. जुने मशीन अजून चालते आहे तोवर सर्व फाइलींची आणि फाँटच्या फाइलींचीही नक्कल दोन वेगळ्या डिस्कवर घ्या. मग त्याच मशीनवर प्रत्येक पत्रिकेची पीडीएफ करा, फाँट आत बसवून. पीडीएफ डोळ्यांना कायम बरोबर दिसेल, मात्र तिच्यातला मजकूर उचलला तर चिवडाच हाती येईल. म्हणून ती पहिली पायरी धरा. नव्या मशीनच्या आत आभासी मशीन करून त्यात एक्सपी चालवणे हाही पर्याय आहे. २००९ मध्ये विंडोज ७ सोबत कंपनीने स्वतःच अशी सोय दिली होती. डोंगल यूएसबीचे असेल तर ते बहुधा आतल्या मशीनपर्यंत पोचवता येते. प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टला लागणारे असेल तर कठीण.

त्यानंतर मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे काम. परिवर्तक फुकट मिळतात, पण प्रत्येक फाँटघराण्याचा वेगळा लागतो. एकाचा दुसऱ्याला लावला तर नवा चिवडा होतो. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी, अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा आहे: वेलांटी नंतर, र आधी. परिवर्तकाला ही उलटापालट करावी लागते, आणि ‘स्थिती’, ‘कीर्ती’ अशा जोडाक्षरांपाशी तो अडखळतो. बोटांची सवय मोडायची नसेल तर रेमिंग्टन गेल कळफलक घ्या. कळा जवळपास ओळखीच्याच, आत मात्र युनिकोड उमटते. मध्य प्रदेशच्या सीपीसीटी परीक्षेत हिंदी टंकलेखनाला इनस्क्रिप्टबरोबर तोही चालतो. नव्याने शिकणाऱ्या मुलाने इनस्क्रिप्टच शिकावे: स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या, आणि हीच मांडणी गुजराती, बंगालीलाही लागू. तुम्ही ती शिकायलाच हवी असे मी म्हणणार नाही.

सगळ्या फाइलींना एकदम हात घालू नका. आधी एकच जुनी मराठी पत्रिका घ्या, घरातल्याच एखाद्या लग्नाची. ती युनिकोडमध्ये आणा आणि छापील प्रत हातात घेऊन कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. तुम्ही पडद्याकडे बघा. ‘दुसऱ्या’, ‘वऱ्हाडी’, ‘बऱ्हाणपूर’ इथे थांबा. त्या तिन्ही ठिकाणी अर्धा र जागेवर आला, आणि शोधात ‘बऱ्हाणपूर’ जितक्या वेळा छापले आहे तितक्या वेळा सापडले, की मग दुसरी फाइल उघडा.